पाहुण्याचा पत्ता

चैत्र सरत आला की माझ्या लॅबमध्ये एकच ओरड सुरू होते. "मॅडम, लागंना!" एक मुलगी ओरडली की तिच्या शेजारचा ओरडतो, मग सगळी मागची रांग. पडद्यावर एकाखाली एक त्याच ओळी उतरत असतात. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. मी पंख्याखाली उभी राहून म्हणते, "बोंबलू नका. आधी मला सांगा, तुम्ही हाक कुणाला मारताय?" मुलं हसतात. त्यांना वाटतं मॅडम विनोद करतात. मी विनोद करत नसते, पण ते त्यांना समजावून सांगायची मला काही हौस नाही.

प्रॅक्टिकल तसं साधं आहे. एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, नसलेला कॉम्प्युटर चालवायचा. बाहेरचा तो होस्ट, आतला तो गेस्ट. मी मुलांना यजमान आणि पाहुणा म्हणून शिकवते, म्हणजे डोक्यात राहतं. पाहुणा जागा झाला की त्याला यजमानाच्या खिडकीतून सगळं जग दिसतं. त्यानं बाहेर काही मागितलं की ते त्याला मिळतं. पण यजमानानं पाहुण्याला हाक मारली तर ती पोचत नाही. मुलांना याचं नवल वाटतं. दोघं एकाच पेटीत बसलेत, एकाच्या ताटातलं दुसरा खातोय, आणि हाक पोचत नाही म्हणजे काय! मग दोघांच्या मध्ये एक वेगळी वाट पाडून द्यावी लागते. ती वाट पाडून दाखवायची, पाहुण्याकडून उत्तर आणायचं, बाहेरून आलेल्या परीक्षकाची सही घ्यायची. संपलं प्रॅक्टिकल.

मी हे ज्या उन्हाळ्यात शिकले तो उन्हाळा दर वर्षी या दिवसांत माझ्याकडं येतो. बाकीच्यांना म्हणे जुने दिवस आठवले की बरं वाटतं. मला नाही वाटत. मला राग येतो, आणि राग कुणावर काढावा ते कळत नाही म्हणून तो मुलांच्या जर्नलवर निघतो. "अक्षर बघ तुझं! कोंबडीनं पाय बुडवून काढलंय व्हय?" असं मी परवाच एका चांगल्या मुलाला बोलले. बिचारा खाली मान घालून उभा राहिला.

तेव्हा मी पुंडलिकनगरमध्ये एका घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं. दुष्काळाचं ते लागोपाठचं दुसरं की तिसरं वर्ष. जायकवाडीत नुसता गाळ उरला आहे असं लोक बोलायचे आणि नळ कधी येणार याचा कुणालाच भरवसा नव्हता. कधी चार दिवसांनी, कधी आठ. "नळ आला गं!" अशी हाळी गल्लीच्या टोकाला उठली की जी बाई जशी असेल तशी धावायची. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या केसात अर्धवट तेल. निळ्या ड्रममध्ये पाणी पडायला लागलं की त्याचा आधी पोकळ, मग जड होत जाणारा आवाज यायचा. त्या आवाजावरून ड्रम किती भरला ते मी डोळे मिटून सांगू शकायचे. ड्रममधल्या पाण्याला प्लॅस्टिकचा वास लागायचा, तोच वास कपड्यांना, भाताला, केसांना. आजही कुठं नवा निळा ड्रम दिसला की मी दोन पावलं लांबून जाते.

शहर मात्र वाढत होतं, जणू काही झालंच नाही. पाणी नाही, पण सिमेंट कालवायला पाणी आहे. प्यायला नाही, पण भिंतींवर मारायला आहे. बायपासच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला जिकडंतिकडं रानात पांढरे रंगवलेले दगड रोवले जात होते. प्लॉट, प्लॉट, प्लॉट. एका माळावर तर आधी कमान उभी राहिली. आत घर नाही, झाड नाही, रस्ता नाही, आणि कमानीला नाव कुठल्याशा नदीचं. आमच्या वर्गातली मुलं त्यावर हसायची. मीही हसायचे.

आमच्या अख्ख्या कॉलेजात एसी एकाच ठिकाणी होता, कॉम्प्युटर लॅबमध्ये. तोही माणसांसाठी नाही, मशिनी तापतात म्हणून. त्या एसीची नळी खिडकीबाहेर काढलेली होती आणि तिच्याखाली रफिकभाईंनी एक बादली ठेवलेली असायची. रफिकभाई आमचे लॅब असिस्टंट. कंत्राटी माणूस, शहराच्या छावणी भागात राहायचा, एक जुनी मोटारसायकल आणि शर्टाच्या खिशात कायम एक पेचकस. बादली भरली की ते मुलींना सांगायचे, "लेके जाव बेटा, हात-मुं धोने को हो जाता." आम्ही ते पाणी बाटल्यांत भरून खोलीवर न्यायचो आणि भांडी विसळायचो. मशिनींच्या घामावर आमची भांडी निघायची, असं एक मैत्रीण म्हणायची.

आता आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की आबा आणि आई मेंढरं घेऊन, घोड्यावर बिऱ्हाड लादून गाव सोडायचे ते मृगालाच परत. वाटेत शेतकरी मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत होतं, बदल्यात शेतकरी ज्वारी देतो, विहिरीचं पाणी देतो. याला कागद नसतो. जाताना शेतकरी म्हणतो, "पुढच्या साली बी या बरं का," आणि मेंढरंवाला पुढच्या साली येतो. आबा असे बायपासपलीकडच्या गणपतरावांच्या रानात माझ्या जन्माच्या आधीपासून येत होते. मी पाळण्यात त्या विहिरीवर झोपलेय, असं आई सांगायची.

आबांकडं एक साधा मोबाइल होता. तो ते कायम बंद ठेवायचे. रानात चार्जिंग कुठून करणार? एखाद्या गावात दुकानावर एकदा भरून घेतला की तो पुरवून पुरवून वापरायचा. बोलायचं असलं की सुरू करायचे, बोलणं झालं की बंद. म्हणजे त्यांचा फोन आम्हाला यायचा, आमचा त्यांना कधीच जायचा नाही. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्याकडं सगळ्यांचे आईबाप असेच होते, त्यांना बोलायचं असलं की तेच फोन करायचे.

आणि एक गोष्ट, जी लिहायला मला आजही जड जातं. पुंडलिकनगरात आणि कॉलेजात मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझे वडील शेतकरी आहेत. मेंढरांचं नाव काढलं नव्हतं. कुणी मला विचारून छळलं होतं अशातला भाग नाही. पहिल्याच दिवशी घरमालकीणकाकूंनी विचारलं, "वडील काय करतात गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शेती." मग ते तसंच राहिलं. काकूंनी माझ्या खोलीत घोंगडी पाहिली तेव्हासुद्धा मी म्हटलं, जत्रेतून आणली. आईनं तिच्या हातानं कातलेल्या लोकरीची होती ती.

परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी आबांचा फोन आला होता. "हॅलो, मनाबाई? म्या हाय. गणपतरावाच्या रानात आलोय. पर हितं रान कुठंय? समदे दगडं रोवलेत गं."

"आबा, मग गणपतरावांना विचारा की."

"त्यो रान इकून शहरात कुठं ऱ्हायला गेलाय म्हनं. मला सांगितलं बी नाय. हीर बी बुजवलीया मुरूम टाकून."

"मग पुढं जा."

"कुठं पुढं? पुढं बी हेच दगडं हायेत." मग थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला, एक मेंढरू ओरडलं. "लई कमान बांधलीया बघ, लग्नावानी. बरं, तुही परीक्षा कवा? चांगला पेपर लिही. बॅटरी चाललीया." आणि फोन बंद.

कमान म्हटल्यावर मला कळलं. आम्ही ज्या कमानीवर हसत होतो तिच्या आत माझे आईबाप मेंढरं घेऊन बसले होते. रिक्षानं अर्ध्या तासावर. मी गेले नाही. प्रॅक्टिकल आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. आमच्या वाटणीला लॅबमधलं मशीन आलटूनपालटून यायचं, माझ्याकडं स्वतःचं काही नव्हतं, आणि नापास झाले असते तर एक वर्ष वाढलं असतं. आमच्याकडं मुलीला वाढीव वर्ष कुणी देत नाही, सरळ स्थळ बघतात. हे सगळं खरं आहे. पण त्या कमानीखालून कुणी ओळखीच्यानं मला मेंढरांजवळ बसलेलं बघितलं असतं तर, हीही भीती तितकीच खरी होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी नळ आला. मी आणि काकू पाइप धरून उभ्या. काकू डोळ्याला पदर लावून सांगायला लागल्या, "माझ्या भावाची म्हैस गेली गं परवा. दुभती म्हैस. बायपासच्या पलीकडं ओढा आहे ना, त्याचं पाणी प्याली. दोन तासांत पाय खोडून गेली. वरून काय सोडतात त्या पाण्यात, देव जाणे. फेस असतो म्हणे नुसता." माझ्या हातातला पाइप ड्रमच्या बाहेर गेला आणि पाणी फरशीवर सांडलं. काकू करवादल्या, "अगं बाई, लक्ष कुठंय? एवढं मोलाचं पाणी!" मग नरमल्या आणि म्हणाल्या, "तुझे वडील शेतकरी ना? त्यांना विचार बरं, अशा विषावर काही उपाय असतो का."

मी वर जाऊन फोन लावला. "आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे." त्या बाईचा आवाज इतका गोड असतो की एखादी शिवी परवडली. पुन्हा लावला. बंद. विहीर बुजवलेली, नळ नाही, टँकर प्लॉटवर कशाला येईल? मग मेंढरं पाणी पिणार कुठं? त्या रानात ओढ्याशिवाय पाणी नाही, हे मला ड्रमच्या शेजारी उभी असतानाच कळलं होतं. मी घड्याळ बघितलं. लॅबची माझी वेळ अकराची होती. मी लॅबला गेले.

लॅबमध्ये माझा पाहुणा लागत नव्हता. सुरुवातीला ज्या सेटिंगवर मशीन असतं त्यात वर्गातल्या सगळ्यांच्या पाहुण्यांचा पत्ता एकच असतो, आणि तो त्यांच्या पेटीबाहेर कुणाला ठाऊक नसतो. ते मला माहीत होतं. मी दुसरी वाट पाडली, फक्त यजमान आणि पाहुणा यांच्यातली. जर्नलमध्ये पाहुण्याचा म्हणून जो पत्ता लिहिलेला होता तो घेतला, शेवटी एकशे एक. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा सगळं पुसून केलं. उत्तर नाही. रिक्वेस्ट टाइम्ड आउटच्या चार ओळींनंतर पडद्यावर हिशेब येतो, चार हाका धाडल्या, उत्तरं मिळाली शून्य. तेवढ्यात ओढणीखाली धरून आबांना फोन लावायचा. बंद. मग पुन्हा पाहुण्याला हाक. एसीचा गार वारा मानेवर येत होता आणि मला घाम फुटला होता. दुपारी एकपर्यंत मी हेच करत राहिले, एकदा इकडं, एकदा तिकडं.

रफिकभाईंनी ते बघितलं असावं. माझ्या खुर्चीमागं येऊन हळूच म्हणाले, "कायकू इत्ता परेशान हो रही बेटा? किसको लगा रही घडी-घडी?"

मी सांगितलं. सगळं नाही. म्हटलं, "भाई, आमच्या गावाकडचे ओळखीचे आहेत एक, मेंढरंवाले. बायपासच्या पलीकडं कमान आहे ना, तिथं उतरलेत. तिथलं ओढ्याचं पाणी खराब आहे म्हणे, त्यांना कळवायचं होतं. फोन बंद आहे."

गावाकडचे ओळखीचे. हे शब्द मी माझ्या आईबापासाठी वापरले, भर दुपारी, शुद्धीवर असताना.

रफिकभाई माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चल, मैं छोड देता गाडी पे. जाके आने को एक घंटा. मशीन किसी को नै देता मैं, तेरा तेरेको रखता."

याच्याहून जास्त कुणी काय द्यायचं असतं? मशीन राखून ठेवतो म्हणाला तो माणूस. मी म्हटलं, "नको भाई. उद्या परीक्षा आहे. संध्याकाळपर्यंत लागेल फोन."

"हौ," एवढंच म्हणून ते त्यांच्या टेबलाकडं गेले.

चारच्या सुमारास तेच परत आले. माझा पडदा बघितला, जर्नल बघितलं आणि हसले. "ये पता कहाँ से लिखी?" मी सांगितलं, सीनियरच्या जर्नलमधून. आमच्याकडं हे पिढ्यान् पिढ्या चालतं. एकानं कधीतरी करून बघितलेलं असतं, मग बाकीचे त्याचं जर्नल उतरवतात, पुढचे त्यांचं. पत्तासुद्धा उतरवतात. "अगे, पहले उसको तो पूछ, तेरा पता क्या है," रफिकभाई म्हणाले. मी आतल्या पाहुण्याला विचारलं. एकशे दोन. तो केव्हापासून जागा होता, धडधाकट होता, आणि मी सकाळपासून शेजारच्या रिकाम्या घराला हाका मारत होते. आबासुद्धा तेच करून बसले होते, जुन्या शब्दावर नसलेल्या रानात आले होते, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी एकशे दोनला हाक मारली आणि उत्तर आलं. एकाखाली एक, चारही. मी आनंदानं टाळी वाजवली. त्या टाळीची मला आज जितकी लाज वाटते तितकी आणखी कशाची वाटत नाही.

त्या दिवशी रफिकभाईंनी लॅब पाचच्या आधीच बंद केली. काम आहे म्हणाले. मी खोलीवर आले तेव्हा चांगलं ऊन होतं. चौकात रिक्षा उभ्या होत्या, एक रिक्षावाला तर "बायपास, बायपास" म्हणून ओरडत होता. मी जिना चढले. नळ आलेला होता म्हणून केस धुतले. मग ओल्या केसांनी जर्नल वाचत बसले आणि एकशे एकच्या जागी एकशे दोन केलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा चांगली झाली. परीक्षकांनी विचारलं, "यजमानाला पाहुणा का दिसत नव्हता?" मी घडाघडा सांगितलं. ते खूश झाले, सही केली. बाहेर येऊन पिशवीतला फोन काढला तर अनोळखी नंबरवरून कितीतरी कॉल येऊन गेलेले. परत लावला. कुण्या वॉचमनचा फोन होता तो. त्यानं आईकडं दिला. आई रडत नव्हती. "मनाबाई, ये," एवढंच म्हणाली.

कमानीतून आत गेले आणि आधी वास आला. मग पांढरे दगड दिसले, आणि दगडांच्या मध्ये मेंढरं, पाय ताठ करून आडवी पडलेली. दुरून मला वाटलं बसलीत. निम्म्याहून जास्त गेली होती. आमची जुनी काळी मेंढी, जी माझ्या हातचं खायची, ती मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याला तोंड लावून पडली होती. आई चार-पाच कोकरं पदराखाली घेऊन बसली होती. ती तेवढी हलत होती. आबा उभे होते, काठीवर हनुवटी टेकून. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय? पेपर कसा गेला?"

मी म्हटलं, "चांगला."

"बरं झालं," आबा म्हणाले, आणि पुन्हा मेंढरांकडं बघायला लागले.

त्यांनी मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. उरलेली मेंढरं त्याच महिन्यात विकली. आबा आता तिथंच, त्याच कमानीच्या आत, एका बांधकामावर राखणीला आहेत. मी म्हटलं माझ्याकडं या, तर म्हणतात, "चार भिंतीत मला गुदमरतं." आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्या दिवसाचा विषय माझ्यासमोर कधी निघाला नाही. नातेवाईक मला कार्यांना बोलावतात, मी जात नाही. आणि रफिकभाईंचं कंत्राट त्याच पावसाळ्याच्या तोंडावर संपलं. मी निकालाचे पेढे घेऊन गेले तर लॅबमध्ये दुसराच माणूस बसलेला. छावणीत जाऊन घर शोधलं असतं तर सापडलं असतं. नाही शोधलं. ज्याला आपण नाही म्हटलं त्याला पेढा द्यायला जायचं तर पाय जड होतात. चार वर्षांनी कळलं की ते वारले.

आता त्या माळावर सातमजली इमारती आहेत. तिथल्या लोकांनाही नळ आठवड्यानं येतो आणि ते व्हॉट्सॲपवर भांडतात. ओढ्यावर स्लॅब टाकलाय, वर चारचाक्या लावतात. मी दर रविवारी डबा घेऊन आबांकडं जाते. मुलांना शिकवताना मी फार हुशारीनं बोलते, पाहुण्यापर्यंत वाट कशी पाडायची ते फळ्यावर बाण काढून दाखवते. मुलं म्हणतात मॅडम लई भारी समजावतात. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटते, आणि मग स्वतःच्या.

गेल्या रविवारी मी ठरवून गेले. या वर्षीची प्रॅक्टिकलं संपली होती. आठवडाभर "लागंना, लागंना" ऐकून माझं डोकं उठलं होतं. वाटलं, आबांचं वय झालं, आता नाही सांगितलं तर कधी? त्यांनी मला शिव्या द्याव्यात, काठी उगारावी, काहीही करावं. आबा वाळूच्या ढिगाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी डबा उघडून दिला, भाकरीवर ठेचा वाढला, आणि त्यांचे दोन घास झाल्यावर म्हटलं, "आबा, त्या दिवशी मला माहीत होतं. ओढ्याचं पाणी खराब आहे ते. सकाळीच कळलं होतं मला."

आबा जेवत राहिले. मग म्हणाले, "माहीत हाय मला."

"कसं?"

"दिवस मावळायच्या टायमाला त्यो मानूस आला व्हता न्हवं का. मोटरसायकलवर. उंचेला, मुसलमान. दोन जार पानी बांधून आनलं व्हतं मागं, त्याच्या घरचं. म्हनला, वड्याचं पानी पाजू नका. दोन-तीन दिस लांबच्या येका हिरीवर पाजलं, ती बी आटली, मंग मोठी मेंढरं त्या दुपारीच वड्यावर पिऊन आली व्हती, त्येला काय करनार? पर कोकरं ऱ्हायली व्हती. त्यानं सोता वंजळीनं पाजलं बघ येकेकाला. जी जगली ती त्याच्यामुळं." आबांनी पाणी प्यायलं, मिशीवरून हात फिरवला. "म्या इचारलं, तू कोन रं बाबा, आमचं तुला कसं कळलं? तर म्हनला, तुमच्या लेकीनं धाडलंय."

मी रफिकभाईंना गावाकडचे ओळखीचे, एवढंच सांगितलं होतं.

"गावात समदे म्हनत व्हते," आबा सांगत होते, आणि त्यांचा आवाज चढत चालला होता, "शिकलेली लेक येळेला कामाला यायची नाय, आईबापाला इसरती. म्या भर पंगतीत सांगितलं, मपल्या लेकीची परीक्षा व्हती तरी तिनं मानूस धाडला, पानी धाडलं. कुनाच्या पोरानं केलंय येवढं? समद्यांची तोंडं बंद झाली. तुही आई तर मरस्तोवर हेच सांगत व्हती जो भेटंल त्याला." ते माझ्याकडं बघून हसले. किती वर्षांनी हसले. "तूच धाडला व्हता ना त्याला?"

"व्हय आबा," मी म्हटलं.